एकाच गाळावरचे दोन रोहित

कशेळीचा पूल ओलांडताना खाडीकडे बघायला कोणाला सवड नसते. ठाणे सोडून बाळकुमवरून भिवंडीकडे निघालेल्या माणसाची नजर पुढच्या कंटेनरवर असते आणि कानात मागच्या ट्रकचा हॉर्न. पूल उतरला की कशेळी, काल्हेर, पूर्णा आणि त्यांच्या आजूबाजूला गोदामांमागून गोदामे. परराज्यांतून आलेला माल इथे उतरतो, वेगळा होतो, पुन्हा गाड्यांत चढतो. रस्त्यावर मेट्रो ५ ची मार्गिका आहे आणि खाडीवरून मुंबईला पाणी नेणाऱ्या जाडजूड जलवाहिन्या जातात. ओहोटीची वेळ असेल, तर पुलाखालचा गाळ उघडा पडलेला दिसतो. त्यावर निवट्या उड्या मारतात, काठच्या तिवरांतून बगळे दबक्या पावलांनी फिरतात, वर घारी घिरट्या घालत असतात.

हे पाणी उल्हास नदीचे. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती इथवर येते आणि कशेळीच्या आसपास तिला समुद्राकडे जायला दोन वाटा मिळतात. मोठी वाट घोडबंदरच्या डोंगराला वळसा घालून वसईला जाते. दुसरी चिंचोळी वाट कळवा-विटाव्याकडून दक्षिणेला ठाणे खाडीत उतरते. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२२ मध्ये ठाणे खाडीची नोंद झाली, त्या नोंदीत खाडीला गोडे पाणी पुरवणारी नदी म्हणून उल्हासचेच नाव आहे.

कशेळीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला कोणी जात नाही. त्यासाठी लोक ऐरोली, भांडुप, शिवडी, नेरूळला जातात. या अंकासाठी संपादकांनी ‘जोडी’ हा विषय दिला, तेव्हा ठाणे खाडीतले रोहित आठवणे साहजिक होते. तिथे रोहितांच्या दोन जाती एकाच गाळावर शेजारी शेजारी चरतात. वरवर पाहता ही एकाच पक्ष्याची मोठी आणि धाकटी पाती वाटते. प्रत्यक्षात दोघांचे कूळ, खाणे आणि जगण्यातली जोखीम इतकी वेगळी आहे, की एकाला ‘ठीक आहे’ म्हणणारी आंतरराष्ट्रीय यादी दुसऱ्याच्या नावापुढे इशारा लिहून ठेवते. इशारा ज्याच्या नावापुढे आहे, तोच ठाणे खाडीत झुंडीने येतो.

ऐरोलीच्या धक्क्यावरून

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ मध्ये ते सुरू झाले. तिथून खाडीत बोट जाते आणि तिची वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठरते. पाणी फार उतरले तर बोट गाळात रुतते, फार चढले तर पक्षी बसायला जागा उरत नाही. मधली दोन-तीन तासांची वेळ खरी.

बोट कांदळवनाच्या भिंतीला धरून जाते. आधी बगळे, शेकाटे, कुरव दिसतात. मग दूर पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी पट्टा दिसू लागतो. जवळ गेल्यावर त्या पट्ट्याचे पाय, माना, चोची वेगळ्या होतात आणि कानावर बदकांच्या कलकलाटासारखा सततचा गोंगाट येतो.

या गर्दीत दोन जाती ओळखायच्या असतील, तर रंगावर विसंबू नये. गुलाबी रंग पक्ष्याने काय खाल्ले यावर ठरतो. शेवाळात आणि त्यावर जगणाऱ्या जिवांत असलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये पिसांत उतरतात. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात आणि त्यांना गुलाबी व्हायला काही वर्षे लागतात. बघायची ती चोच. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. लहान रोहिताची गडद किरमिजी असल्याने लांबून सगळी काळीच वाटते. मोठा उभा राहिला की ११० ते १५० सेंटिमीटर भरतो, लहान ८० ते ९०. मोठ्याचा डोळा पिवळट, लहानाचा तांबडा.

थोडा वेळ नुसते बघत राहिले, तर चरण्यातला फरकही कळतो. लहान रोहितांचा घोळका पुढे चालता चालता माना डावीकडून उजवीकडे झुलवत पाण्याचा वरचा थर गाळत जातो. मोठा रोहित बहुधा एका जागी थांबतो, मान खोल घालतो आणि पायांनी चिखल तुडवत स्वतःभोवती फिरतो. ओहोटीनंतर त्या जागी चिखलात गोल कडे उमटलेले दिसते. तळाचा गाळ ढवळून वर येणारे किडे, अळ्या, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, शिंपल्या हे त्याचे खाणे.

चोचीच्या आत

रोहित डोके उलटे करून खातो. चोच मध्येच खाली वाकलेली असते, त्यामुळे मान खाली घातली की वरचा जबडा पाण्यात खालच्या बाजूला येतो. जाडजूड मांसल जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होत पाणी आत ओढते आणि बाहेर टाकते. चोचीच्या कडांना आतून बारीक पट्ट्यांच्या रांगा असतात. त्या रांगांत अन्न अडकते आणि पाणी निघून जाते.

दोन्ही जातींत यंत्र हेच, पण चाळण निराळी. स्वयंपाकघरात गव्हाची चाळण वेगळी आणि मैद्याची वेगळी असते, तितका हा फरक आहे. मोठ्या रोहिताच्या पट्ट्या विरळ असतात आणि त्यांत काही मिलिमीटरचे जीव अडकतात. लहान रोहिताचा वरचा जबडा आत खोल उतरलेला, अरुंद धारेचा असतो. त्याच्या चोचीत हजारो अतिसूक्ष्म पट्ट्या दाटीने बसलेल्या असतात. त्यांत साध्या डोळ्यांना न दिसणारे नील-हरित शेवाळ आणि डायटम अडकतात. आफ्रिकेतल्या सोडा सरोवरांत त्याचे मुख्य खाणे म्हणजे स्पायरुलिना. औषधाच्या दुकानात आता ज्याच्या गोळ्या मिळतात, तेच.

म्हणूनच दोघे एकाच गाळावर भांडणाशिवाय चरू शकतात. एक तळाचे खातो, दुसरा वरचे. पण बारीक चाळणीला एक मर्यादाही आहे. मोठ्या रोहिताला एके ठिकाणी किडे मिळाले नाहीत तर शिंपल्या चालतात, बिया चालतात, दक्षिण युरोपात तो भातशेतीतही उतरतो. लहान रोहिताला दाट शेवाळाचे उथळ, खारट पाणीच हवे. अशी पाणथळे जगात मोजकी आहेत आणि ती कायम तशीच राहतील याची खात्री नसते.

टिबुकलीचे नातेवाईक

पक्षिशास्त्रज्ञांनी रोहिताला कुठे बसवावे, हा वाद शंभरहून अधिक वर्षे चालला. पाय आणि मान बघून काहींनी त्याला करकोच्यांच्या पंक्तीत बसवले. पडदे असलेली बोटे, चाळणीची चोच आणि आवाज बघून काहींनी बदकांच्या. २००१ च्या सुमारास जनुकांचे पुरावे पुढे येऊ लागले, तेव्हा उत्तर कोणाच्याही कल्पनेत नसलेल्या दिशेने आले. रोहिताचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे पाणडुबी, आपल्या गावतळ्यांतली टिबुकली ज्या कुळातली आहे ते कूळ. ओंजळीत मावेल एवढी, माणूस दिसताच बुडी मारणारी टिबुकली आणि उंच पायांचा रोहित एका फांदीवर आले. सुरुवातीला अनेकांना हे पटले नाही. नंतर शरीररचनेतही दुजोरा देणाऱ्या खुणा सापडत गेल्या आणि आता हे नाते सर्वमान्य आहे.

रोहितांचा स्वतंत्र गण आहे. त्यात एकच कूळ आणि जगभरात मिळून सहा जाती. भारतात दोनच. मोठ्या रोहिताचे शास्त्रीय नाव फिनिकॉप्टेरस रोझियस. बराच काळ त्याला कॅरिबियन बेटांवरच्या लालभडक रोहिताची उपजात मानत असत. आता तो स्वतंत्र जात आहे. लहान रोहित म्हणजे फिनिकोनायस मायनर. प्रजातीच (जीनस) वेगळी, आणि त्या प्रजातीत तो एकटा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सहाही जातींची जनुके ताडून २०१४ मध्ये त्यांची वंशावळ मांडली गेली. तिच्यात लहान रोहिताची जवळची भावंडे म्हणून दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पठारावरच्या खाऱ्या सरोवरांत राहणारे दोन रोहित निघाले. खोल धारेची बारीक चाळण या तिघांकडे आहे. मोठा रोहित, कॅरिबियनचा लाल रोहित आणि चिलीचा रोहित हे दुसऱ्या फांदीवर, विरळ चाळणीचे. म्हणजे ऐरोलीच्या गाळावर मोठ्या रोहिताच्या पायापाशी चरणारा लहान रोहित त्याच्यापेक्षा बोलिव्हियातल्या एखाद्या रोहिताला नात्याने जवळचा आहे. ‘मोठा’ आणि ‘लहान’ ही नावे केवळ उंची सांगतात आणि म्हणूनच फसवी आहेत.

सहा लाख आणि तीस लाख

निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, आययूसीएनच्या, लाल यादीत मोठा रोहित ‘किमान चिंता’ या गटात आहे. लहान रोहित ‘संकटसमीप’ गटात, म्हणजे ‘असुरक्षित’ या पायरीच्या अलीकडच्या पायरीवर.

आता दोघांचे आकडे बघा. मोठ्या रोहितांची जगातली संख्या साडेपाच ते पावणेसात लाखांच्या दरम्यान अंदाजली गेली आहे. लहान रोहित बावीस ते बत्तीस लाख. ज्याची संख्या चौपट-पाचपट, तोच अधिक काळजीचा ठरला आहे. वर्तमानपत्रात दरवर्षी ‘खाडीत लाखभर फ्लेमिंगो’ अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला सारे आलबेल वाटते. ही यादी आज किती डोकी आहेत एवढेच विचारत नाही. संख्या कोणत्या दिशेने चालली आहे, पक्षी किती ठिकाणी विखुरला आहे, अंडी किती जागी घालतो, ती जागा गेली तर पर्याय आहे का, हेही तिला हवे असते.

मोठा रोहित आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आशिया ते भारत असा पसरला आहे. फ्रान्समधल्या कामार्ग खाजणात त्याच्या घरट्यांसाठी माणसांनी बेट बांधले आणि त्याने ते स्वीकारले. त्याची एकूण संख्या वाढत आहे. लहान रोहिताची बहुतेक संख्या पूर्व आफ्रिकेत आहे आणि तिथली वीण जवळजवळ सगळी टांझानियाच्या नेट्रॉन सरोवरावर टेकलेली आहे. पाणी इतके क्षारीय, की कोल्ह्या-तरसांची त्यात उतरायची हिंमत होत नाही. याखेरीज बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि आपले कच्छचे रण. नियमित विणीच्या जागांची यादी इथे संपते.

२००६ च्या सुमारास नेट्रॉनच्या काठी सोडा अ‍ॅशचा कारखाना काढण्याचा प्रस्ताव पुढे आला. टांझानियाच्या सरकारी महामंडळासोबत त्यात मुंबईत मुख्यालय असलेली टाटा केमिकल्स होती. जगभरातून विरोध झाला आणि कंपनी त्यातून बाहेर पडली. मुंबईत बसून घेतलेला निर्णय चार हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या घरट्यांपर्यंत पोचू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. तिथला नवा धोका पाण्याच्या पातळीचा आहे. पूर्व आफ्रिकेतली सोडा सरोवरे जास्त पावसाने फुगत आहेत, क्षार विरळ होत आहेत आणि त्यासोबत शेवाळही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांवरील अभ्यासाने ते दाखवून दिले. मोठ्या रोहिताला याची झळ कमी लागेल. बारीक चाळणीवाल्याला पोटावर लागेल.

दोघांच्याही विणीचा वेग मुळातच संथ. मातीच्या बुटक्या ढिगावर एकच अंडे, आईबाप दोघे ते उबवतात आणि पिल्लाला गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे लालसर ‘दूध’ पाजतात. पाणी अनुकूल नसेल, तर ते वर्ष कोरडे जाते. रणात पाऊस कमी झाला तर कोल्हे-कुत्रे चालत घरट्यांपर्यंत पोचतात, जास्त झाला तर घरटी बुडतात. १९४५ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी कच्छच्या रणातल्या ‘फ्लेमिंगो सिटी’त सुमारे पाच लाख मोठ्या रोहितांचा अंदाज नोंदवला होता. तेवढी वसाहत दरवर्षी भरत नाही. हा पक्षी दीर्घायुषी आहे म्हणून एखाददुसरे वाईट वर्ष तो सोसतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक मोठा रोहित २०१४ मध्ये वारला, तेव्हा त्याचे वय किमान ८३ होते. पण दीर्घायुष्याने एक भ्रमही तयार होतो. वर्षानुवर्षे पिल्ले झाली नाहीत, तरी थवा तेवढाच दिसत राहतो.

सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ

ठाणे खाडीत रोहित पिढ्यान्‌पिढ्या येत नव्हते. मोठ्या संख्येने ते दिसू लागले १९९० च्या दशकात, आधी शिवडीच्या गाळावर. त्यानंतर आकडा वाढतच गेला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जानेवारी २०१९ च्या गणनेत मुंबई परिसरात सुमारे १ लाख २० हजार रोहित नोंदले गेले आणि त्यांत लहान रोहितांचा वाटा फार मोठा होता. वायव्य भारत आणि पाकिस्तानातल्या लहान रोहितांची संख्या ३ लाख ९० हजारांच्या घरात धरली जाते. दोन्ही अंदाज वेगवेगळ्या काळातले, तरी प्रमाण ध्यानात येते. आशियातल्या लहान रोहितांचा एक फार मोठा हिस्सा हिवाळ्यात मुंबई-ठाण्याच्या दारात असतो.

का येतो? अभ्यासक एका अडचणीच्या उत्तराकडे बोट दाखवतात. दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी खाडीत येते. त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट उथळ, उबदार, खाऱ्या पाण्यात शेवाळाला खत होतात. लहान रोहिताला हवे असलेले दाट शेवाळ माणसाच्या निष्काळजीपणाने तयार झाले. म्हणून सांडपाणी चांगले, असे म्हणणे घातक ठरेल. त्याच पाण्यातून कारखान्यांचे जड धातूही येतात आणि गाळात साचतात. गाळ चाळून खाणाऱ्याच्या पोटात ते जातात.

कशेळीचा संबंध इथे येतो. उल्हास खोऱ्यातल्या नगरपालिकांचे आणि उद्योगांचे पाणी, इथल्या रेती उपशाने ढवळलेला तळ, गोदामांसाठी भराव टाकून बुजवलेली खाजणे, या सगळ्याचा परिणाम भरतीबरोबर दोन्ही वाटांनी फिरतो. भरती-ओहोटीला तालुक्याची हद्द नसते. जुन्या आगरी बांधांच्या आतली भातखाचरे आणि मिठागरे पाणी अडवत, गाळ बसवत, मग ते हळूहळू खाडीला देत. भराव पडला की ते पाणी एकदम वाहते आणि मातीही सोबत नेते. ठाणे खाडीतला गाळ वाढला की कांदळवन पुढे सरकते आणि उघडा गाळ कमी होतो. कांदळवन वाढणे ही आनंदाची गोष्ट, पण रोहिताला उघडा गाळ लागतो. तिवराच्या जंगलात तो चरू शकत नाही.

भरतीच्या वेळी जायचे कुठे

६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडीचा पश्चिम भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. पुढे रामसर नोंदीत ६,५२१ हेक्टर क्षेत्र आले. कागदावर हे भक्कम आहे. अडचण भरती आली की सुरू होते.

रोहित ओहोटीला चरतो. भरतीत गाळ बुडाला, की हजारो पक्ष्यांना काही तास उभे राहायला उथळ पाणी लागते. ते मिळते नेरूळचे डीपीएस तळे, सीवूड्सच्या एनआरआय वसाहतीमागची पाणथळे, भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची तळी आणि मिठागरे इथे. यातल्या बऱ्याच जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत आणि शहराच्या नजरेत ते मोकळे भूखंड आहेत. बीएनएचएसने २०२२ मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या पक्षिशास्त्रज्ञांच्या आठवणीत दोन पक्ष्यांची नावे सालिम आणि हुमायून ठेवली गेली. खाडी, पाणथळे आणि गुजरातचा किनारा यांमध्ये हे पक्षी कसे ये-जा करतात, ते त्यातून कळू लागले. एक टोक तुटले तर सगळा मार्ग अडतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये डीपीएस तळ्याकडे येणारा भरतीचा प्रवाह अडला. तळे सुकू लागले, बिथरलेले पक्षी रस्त्यांवर उतरले आणि अनेक मेले. २० मेच्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची थव्याला धडक बसली. विमान सुखरूप उतरले, खाली वस्तीत ३९ रोहितांची कलेवरे सापडली. पाणथळावरून उठवलेले पक्षी रात्री भलत्या वाटेने उडतात, असे पक्षिप्रेमींचे म्हणणे होते. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याच्या ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. उशिरा का होईना, योग्य निर्णय झाला. इतर पाणथळांनाही तो लागू व्हायला हवा.

खाडीवरचा भार मात्र कमी झालेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या गाळावरून जातो. बुलेट ट्रेनच्या बोगद्यातले सात किलोमीटर खाडीखालून आहेत. प्रकल्प हवेत की नकोत, या वादात पक्ष्याचा मूळ प्रश्न हरवतो. चरायची जागा आणि भरतीत उभे राहायची जागा या दोन्ही सलग राखल्या, तरच अभयारण्याला अर्थ आहे. मोठा रोहित हाकलला गेला तर उजनीच्या भिगवणला जाऊ शकतो, दर हिवाळ्यात तो तिथे असतोच. लहान रोहिताची चाळण त्याला तेवढी मोकळीक देत नाही.

कायदा हाताशी आहे. कांदळवनाची नासधूस हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आणि कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितले. हा निकाल कशेळी-काल्हेरच्या काठालाही तितकाच लागू आहे. तिवरांवर राडारोडा पडताना दिसला, पाणथळाचे तोंड बुजवलेले दिसले, तर जागा आणि वेळ दाखवणारे छायाचित्र काढून तहसील कार्यालयाकडे आणि कांदळवन कक्षाकडे तक्रार द्या. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. रोहित नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत असतात. या हंगामात ऐरोलीला गेलात, तर थव्याचा फोटो काढण्याआधी दुर्बिणीतून चोची बघा आणि पाहिलेल्या जाती, संख्या, जागा, तारीख अशी नोंद जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत द्या. ‘फ्लेमिंगो’ एवढेच लिहू नका, मोठे किती आणि लहान किती ते लिहा.